आज्ञेचे नाव कोणासाठी बदलायचे?

संगणकाकडून काम करून घेण्याच्या दोन ढोबळ पद्धती आहेत. पडद्यावरच्या बटणांवर माउसने टिचकी मारणे ही बहुतेकांच्या परिचयाची पद्धत. दुसऱ्या पद्धतीत टर्मिनल नावाच्या साध्या खिडकीत आज्ञा अक्षरांनी टंकून द्यावी लागते आणि तिलाच कमांड लाइन म्हणतात. या आज्ञेपुढे एक किंवा दोन आडव्या रेघा देऊन जे शब्द जोडले जातात, ते ‘ऑप्शन’ अर्थात पर्याय होत. कोणते काम करायचे हे आज्ञा सांगते, तर ते कोणत्या रीतीने करायचे हे पर्याय सांगतात. बटण निदान डोळ्यांसमोर असते, पर्याय मात्र आठवून लिहावा लागतो आणि त्याच्या नावावरूनच त्याच्या कामाचा अंदाज बांधावा लागतो, त्यामुळे नाव फसवे असले की चूक थेट कामात उतरते.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, त्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये अशी नावे साचत जाण्याचे कारण त्याच्या घडणीतच आहे, कारण ज्याला एखादी सोय हवी असते तोच बहुधा ती लिहितो, त्या क्षणी सुचलेले नाव देतो आणि ते पुढे हजारोंच्या अंगवळणी पडते. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी सुरू केलेले गिट हे याचे ठळक उदाहरण होय. संहितेत वेळोवेळी झालेल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या या साधनात, चालू कामाच्या फायली आणि कायमची नोंद यांच्यामध्ये एक मधला टप्पा असतो, जिथे पुढच्या नोंदीत जाणारे बदल निवडून ठेवले जातात. या एकाच टप्प्याला ‘कॅश’, ‘इंडेक्स’ आणि ‘स्टेजिंग एरिया’ अशी तीन नावे पडली. त्यातच ‘--कॅश्ड’ हा पर्याय दिला तर आज्ञा केवळ मधल्या टप्प्यावर चालते, आणि ‘--इंडेक्स’ दिला तर ती मधल्या टप्प्याबरोबर चालू फायलींवरही चालते. हा फरक महत्त्वाचा असला तरी दोन्ही नावांत त्याचा मागमूस नाही. पुढे फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ या आज्ञेत ‘--कॅश्ड’ला ‘--स्टेज्ड’ हे समजायला सोपे समानार्थी नाव मिळाले, मात्र जुने नावही कायम राहिले.

‘चेकआउट’ या आज्ञेचा घोळ याहून अधिक घातक होता. तिच्या पुढे शाखेचे, म्हणजे कामाच्या एखाद्या स्वतंत्र प्रवाहाचे नाव लिहिले, तर ती वापरकर्त्याला त्या शाखेवर नेते आणि नोंद न झालेले बदल त्यात पुसले जाणार असतील तर थांबून तशी सूचना देते. पण त्याच जागी फाइलचे नाव लिहिले, तर ती फाइल जुन्या स्थितीत आणून त्यातले नोंद न झालेले काम काहीही न विचारता पुसून टाकते. एक काम निर्धोक आणि दुसरे परत न फिरवता येणारे, अशी दोन कामे एकाच शब्दाखाली नांदत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत शाखा बदलण्यासाठी ‘स्विच’ आणि फाइल पूर्ववत करण्यासाठी ‘रिस्टोअर’ अशा दोन आज्ञा वेगळ्या करण्यात आल्या. येथे केवळ पाटी बदलली नाही, तर एका नावात कोंबलेल्या दोन अर्थांची फारकत झाली.

डेबियन या लिनक्स वितरणातही, म्हणजे लिनक्सवर आधारित तयार प्रणालीतही, असेच घडले. त्यातील ‘एपीटी-गेट’ ही सॉफ्टवेअर बसवण्याची आज्ञा ‘--येस’ हा पर्याय दिल्यास नेहमीच्या प्रश्नांना आपोआप होकार देते, परंतु प्रणालीला अत्यावश्यक असलेला भाग काढला जाणार असेल किंवा येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खरेपणाची खात्री पटत नसेल, तर ती काम सोडून देते. ‘--फोर्स-येस’ हा पर्याय ही सारी कुंपणे एकदम उठवत असे, आणि नावावरून मात्र तो ‘--येस’चाच थोडा ठाम प्रकार वाटे. ही आज्ञा ज्याचा भाग आहे त्या एपीटीच्या १.१ या आवृत्तीपासून तो कालबाह्य ठरवून त्याच्या जागी चार निरनिराळे पर्याय नेमण्यात आले: खात्री न पटलेले सॉफ्टवेअर घेऊ देणारा, जुनी आवृत्ती बसवू देणारा, अत्यावश्यक भाग काढू देणारा आणि रोखून ठेवलेले भाग बदलू देणारा. आपण कोणता धोका पत्करत आहोत, हे आता वापरकर्त्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागते.

नवे नाव देणे सोपे, जुने काढणे अवघड, कारण आज्ञा केवळ माणसेच देत नाहीत. अनेक आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात, आणि अशा स्क्रिप्ट वर्षानुवर्षे कोणाचेही लक्ष नसताना चालत राहतात. ‘सॉर्ट’ ही ओळी क्रमाने लावणारी आज्ञा घेतली, तर युनिक्ससारख्या प्रणालींसाठी असलेल्या पॉझिक्स या मानकाच्या जुन्या आवृत्तीनुसार ‘सॉर्ट +१’ म्हणजे प्रत्येक ओळीतील दुसऱ्या रकान्यापासून पुढचा मजकूर पाहून क्रम लावणे. २००१ च्या आवृत्तीने मात्र त्याच अक्षरांचा अर्थ ‘+१’ नावाच्या फाइलमधील ओळी क्रमाने लावणे असा ठरवला. आणि २००८ च्या आवृत्तीने दोन्हींपैकी कोणताही अर्थ चालेल अशी मुभा दिली. एक अक्षरही न बदललेली स्क्रिप्ट त्यामुळे एका संगणकावर चालावी आणि दुसऱ्यावर अडावी, अशी परिस्थिती उद्भवली.

नव्या नावाची नुसती भर घालणेही सर्वस्वी निर्धोक नसते. जीएनयू प्रकल्पातील बहुतेक आज्ञा लांब पर्यायाचे संक्षिप्त रूप स्वीकारतात, मात्र ते रूप एकाच पर्यायाशी जुळायला हवे. म्हणून फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेला ‘--रिकर्सिव्ह’ऐवजी ‘--रिक’ चालते, पण नुसते ‘--रि’ चालत नाही, कारण ‘--रिव्हर्स’ हाही तिचा पर्याय आहे. उद्या सारखीच सुरुवात असलेला आणखी एक पर्याय आला, तर आज चालणारे संक्षिप्त रूप तेव्हा संदिग्ध ठरून नाकारले जाते.

या अडचणींतून एक सबुरीची रीत रूढ झाली आहे. आधी नवे नाव द्यायचे, जुने त्याच्या जोडीला चालू ठेवायचे, माहितीपुस्तिकेत ते कालबाह्य म्हणून नोंदवायचे, पुढे ते वापरताच इशारा दाखवायचा, आणि काढायचेच असेल तर शेवटी काढायचे. मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ची ‘ईग्रेप’ आणि ‘एफग्रेप’ ही जुनी भावंडे २००७ मध्येच कालबाह्य ठरली होती, तरी ती चालवताच इशारा दिसू लागला तो २०२२ मधील ३.८ या आवृत्तीपासून. ‘चेकआउट’ तर आजही पूर्वीसारखीच चालते.

अशा बदलांवर होणाऱ्या वादाच्या मुळाशी त्रास कोणाचा मोजायचा हा प्रश्न असतो. स्क्रिप्ट बंद पडलेला जुना वापरकर्ता तातडीने तक्रार करतो आणि त्याचे नुकसान दाखवताही येते. फसव्या नावामुळे काम गमावलेला नवशिक्या बहुधा स्वतःलाच दोष देऊन गप्प बसतो, म्हणून त्याच्या नुकसानीची नोंद कुठेच होत नाही. जुने नाव काढण्यात घाई नसावी हे त्यामुळे जितके खरे, तितकेच नवे नाव देण्यात दिरंगाई नसावी हेही खरे आहे, कारण फसव्या नावावर विसंबलेल्या स्क्रिप्टची दरवर्षी भर पडते आणि आज टाळलेला बदल उद्या अधिक महाग पडतो.