बाळाचे वजन आणि आईच्या श्वासातला धूर

गुटगुटीत बाळाला 'खात्यापित्या घरचं' म्हणून कौतुकाने उचलून घेण्याची आपली रीत आहे. तेच मूल सातव्या वर्षी फार जाड दिसू लागले, की बोल मात्र आईला लागतो. 'सारखं खायला देते, लाडावून ठेवलंय!' खाण्याचा आणि खेळण्याचा वाटा मोठा आहेच. पण वजनाचा काही हिशेब बाळ पोटात असतानाच सुरू होत असावा, असे संशोधन सुचवते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ ते २००६ या काळात ७०२ गर्भवतींची पाहणी केली. एकही जण धूम्रपान करणारी नव्हती. शेवटच्या तीन महिन्यांत दोन दिवस प्रत्येकीच्या पाठीवर हवा तपासणारे छोटे यंत्र होते. डिझेल, कोळसा, लाकूड, तंबाखू जळताना 'पीएएच' नावाची रसायने निघतात. ती श्वासाच्या हवेत किती आहेत, हे त्यातून मोजले.

निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी रसायने श्वासात गेलेल्या मातांच्या तुलनेत, सर्वाधिक गेलेल्या मातांच्या मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण पाचव्या वर्षी सुमारे १.८ पट, तर सातव्या वर्षी सव्वादोन पट होते. मातांचा आधीचा लठ्ठपणाही हिशेबात धरला होता. उंदरांवरील प्रयोगांत असे एक रसायन साठलेली चरबी वापरली जाण्यात अडथळा आणते, असे दिसले आहे.

अर्थात, एका पाहणीने कारण सिद्ध होत नाही. धुरात वावरणाऱ्या प्रत्येक आईचे मूल लठ्ठ होईल, असेही नाही. धुरामुळे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका तर आहेच.

मराठीत चूल म्हणा की कन्नडमध्ये ओले, धूर दोन्हीचा सारखाच! घरात गॅस आला, तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब अनेक ठिकाणी लाकडांवर पेटतो आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्याही जातात. डोहाळजेवण असो वा कुबस, ओटी भरताना घराने एवढे ठरवावे: बंब दुसऱ्या कुणी पेटवावा, प्लास्टिक जाळूच नये, घरात विडी-सिगारेट नको आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी असावी.

गर्भवतीने काय खावे, हे सांगायला घरात सगळेच पुढे असतात. तिच्या श्वासात काय जाते, याचीही काळजी सगळ्यांनी मिळून घ्यायला हवी.