फुटबॉलमधील पाठराखा : श्री. राहुल भेके यांची कारकीर्द

शाळेच्या मैदानावर फुटबॉलचे दोन संघ पाडावयाचे म्हटलें, कीं प्रत्येक मुलाला आघाडीला खेळावयाचें असतें. गोल करणाराचें नांव संध्याकाळपर्यंत घरोघरीं पोहोंचतें; मागें राहून गोल वांचविणाराची कोणी विचारपूसही करीत नाहीं. त्यामुळें 'तूं बॅकला उभा राहा' असें ज्याला सांगितलें जातें, त्याला ती एक प्रकारची शिक्षाच वाटते. ही समजूत कितपत खरी आहे, हें पाहण्यासाठीं आम्ही मुंबईच्या एका बॅकची कारकीर्द वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव श्री. राहुल भेके.

प्रथम बॅकचें काम कसें उदयास आलें, तें थोडक्यांत सांगतों. इ. स. १८७२ च्या नोव्हेंबर महिन्यांत ग्लासगो शहरीं स्कॉटलंड व इंग्लंड या देशांमध्यें पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. दोहों बाजूंस एकही गोल झाला नाहीं. त्या काळीं बहुतेक सर्व गडी पुढेंच धांवत. एकट्यानें चेंडू घेऊन प्रतिपक्षांत घुसावयाचें, हीच रीति. एकमेकांकडे चेंडू देत पुढें सरकण्याची पद्धति रूढ करण्यांत स्कॉटिश खेळाडूंचा वांटा मोठा आहे. चेंडू असा फिरूं लागला, तेव्हां मागील जागा राखणें निकडीचें झालें. दोन फुल-बॅक, तीन हाफ-बॅक आणि पांच फॉरवर्ड ही मांडणी मग अनेक वर्षें चालली. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम सैल करण्यांत आला. पूर्वीं पुढें गेलेल्या गड्याला चेंडू देतांना त्याच्या व गोलरेषेच्या मध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. आतां दोन पुरेसे झाले. फॉरवर्डांस मोकळीक मिळून गोलांची संख्या वाढली, आणि त्यावर उपाय म्हणून मधला हाफ-बॅक मागें येऊन तिसरा बॅक बनला. आज बहुधा चार बॅक असतात : दोन मध्यभागीं आणि दोन कडेला.

भेके हे उजव्या कडेला आणि मध्यभागीं अशा दोन्ही जागीं खेळलेले आहेत. या दोन जागांचीं कामें निराळीं आहेत. कडेच्या बॅकला वेगवान फॉरवर्डाशीं धांवावें लागतें, आणि संधि मिळतांच रेषेच्या बाजूनें पुढें जाऊन चेंडू गोलासमोर टाकावा लागतो. मधल्या बॅकनें आपली जागा सहसा सोडावयाची नसते. उंचावरून आलेला चेंडू डोक्यानें परतविणें, शेजारचा गडी पुढें गेला तर त्याची जागा झांकणें, आणि केव्हां झेप घ्यावी व केव्हां थांबावें याचा क्षणांत निर्णय करणें, हें त्याचें काम. दोन्ही कामें शिकलेला गडी संघाला फार उपयोगी पडतो. कारण कोणी जखमी झाला, तरी फळी मोडत नाहीं.

भेके यांचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजीं मुंबईस झाला. आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेंत ते प्रथम मुंबई एफ. सी. कडून खेळले. पुढें कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबांत गेले. मध्यंतरीं केरळ ब्लास्टर्स व पुणें सिटी यांच्याकडूनही मैदानांत उतरले. १९१७ नव्हे, तर अगदीं अलीकडे म्हणजे २०१७ सालीं ते बेंगळूर एफ. सी. मध्यें दाखल झाले, आणि तेथें त्यांचें नांव देशभर झालें.

१७ मार्च २०१८ रोजीं इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यांत बेंगळूरचा संघ स्वतःच्याच मैदानावर चेन्नईकडून ३-२ असा हरला. चेन्नईच्या तीन गोलांपैकीं दोन गोल मैल्सन आल्व्हिस नांवाच्या बॅकनेंच डोक्यानें केले होते. पुढच्याच महिन्यांत भुवनेश्वर येथें सुपर कपचा अंतिम सामना झाला. ईस्ट बंगालनें पहिला गोल केला. परंतु मध्यंतरापूर्वीं भेके यांनीं आपल्या जुन्या क्लबावर बरोबरीचा गोल चढविला, आणि बेंगळूरनें सामना ४-१ असा जिंकला.

त्यानंतरचा प्रसंग आमच्या भागांतील वाचकांस विशेष जवळचा वाटेल. कारण तो अंधेरी येथें, म्हणजे विरारच्या गाडीनें सहज जाऊन येण्याजोग्या अंतरावर घडला. १७ मार्च २०१९ हा दिवस. पराभवास बरोबर एक वर्ष झालें होतें. समोर गोव्याचा नामांकित संघ. नव्वद मिनिटांत गोल झाला नाहीं. जादा वेळांतील अवघीं तीन मिनिटें उरलीं असतां बेंगळूरला कॉर्नर मिळाला. अशा वेळीं मागील उंच गडी पुढें जातात. कारण उंचावरचा चेंडू डोक्यानें खेळण्याची संवय त्यांनाच अधिक असते. मात्र चेंडू परतला तर मागें मैदान रिकामें, हा धोका असतोच. ११७ व्या मिनिटाला भेके यांनीं आलेला चेंडू डोक्यानें गोलांत धाडला, आणि बेंगळूरनें १-० असा चषक जिंकला. वृत्तपत्रांनीं त्या एका गोलाचें वर्णन केलें. परंतु तत्पूर्वीं सुमारें दोन तास गोव्याच्या फॉरवर्डांस एकही गोल करूं दिला नव्हता, म्हणूनच तो एक गोल पुरला, हें विसरतां कामा नये.

त्याच वर्षीं ५ जून रोजीं थायलंडांत कुरासाव संघाविरुद्ध भेके प्रथम भारतातर्फे खेळले. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावीस वर्षांचें होतें. अनेक खेळाडूंस हा मान विशीच्या आरंभींच मिळतो. यांना वाट पाहावी लागली. पुढें मुंबई सिटी संघांत आल्यावर एप्रिल २०२२ मध्यें रियाध येथें इराकच्या एअर फोर्स क्लबाविरुद्ध त्यांनीं विजयाचा गोल केला. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्यें भारतीय क्लबानें मिळविलेला तो पहिला विजय होय. ४ मे २०२४ रोजीं कलकत्त्यास मोहन बागानला ३-१ असें नमवून मुंबईनें सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हां भेके संघाचे कर्णधार होते. त्यानंतर ते पुन्हां बेंगळूरला गेले. १९ मार्च २०२५ रोजीं शिलाँग येथें मालदीवविरुद्ध त्यांनीं देशासाठीं गोल केला, तेव्हां वयाचें चौतिसावें वर्ष उलटलें होतें.

यशाबरोबर अपयशही सांगितलें पाहिजे. जानेवारी २०२४ मध्यें कतार येथें झालेल्या आशिया चषकांत भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया या तिघांकडूनही हरला, आणि त्याला एकही गोल करतां आला नाहीं. त्या संघांत भेके होते. भारतांतील उत्तम बॅकलाही आशियांतील बलाढ्य संघांपुढें किती कष्ट पडतात, हें त्यावरून दिसतें.

पालकांस येथें एक प्रश्न पडेल : या व्यवसायावर मुलानें भरंवसा ठेवावा काय ? उत्तर सरळ आहे, पण सुखाचें नाहीं. १९६२ सालीं स्थापन झालेला मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ राष्ट्रीय लीग जिंकूनही २०१० सालीं बंद करण्यांत आला. भेके ज्यांच्याकडून खेळले, त्यांपैकीं मुंबई एफ. सी. व पुणें सिटी हे दोन्ही संघ आज अस्तित्वांत नाहींत. २०२५ सालीं तर सुपर लीगची स्पर्धाच लांबणीवर पडली, आणि ऑगस्ट महिन्यांत बेंगळूरसारख्या संघानेंही खेळाडूंचें वेतन स्थगित केलें. देशाकडून खेळलेल्या गड्याची ही स्थिति, तर इतरांची काय असेल ! म्हणून मुलाला मैदानापासून तोडूं नये. परंतु त्याच्या हातांतलें पुस्तकही सुटूं देऊं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

विद्यार्थ्यांस मात्र दुसरें कांहीं सांगावयाचें आहे. पुढील सामना पाहतांना थोडा वेळ चेंडूवरची नजर काढून एखाद्या बॅककडे पाहा. चेंडू दूर असतांनाही तो दोन पावलें सरकतो, शेजाऱ्याला हांक मारतो, फॉरवर्डाची वाट आधींच अडवितो. पुष्कळदां चेंडू त्याच्यापर्यंत येतच नाहीं. तो न येणें हीच त्याची कामगिरी. आणि पावसाळ्यांत संघ पाडतांना तुमच्या वांट्याला बॅकची जागा आली, तर मान खालीं घालूं नका. बूट घट्ट बांधून आपल्या जागीं जाऊन उभे राहा.