चित्रकाराचा नियम गेममध्ये कसा उतरतो?

'दोन विषय जोडणारं संशोधन करायचंय' असं पीएचडीच्या मुलाखतीत बरेच जण सांगतात. पुढचा प्रश्न ठरलेला: एका विषयातून दुसऱ्यात नेमकं काय नेणार? इथेच घोडं पेंड खातं. म्हणून आज एक नेमकं उदाहरण बघू.

व्हॉल्व्ह कंपनीचा 'टीम फोर्ट्रेस २' हा गेम २००७ साली आला. त्यातल्या चित्रणावर जेसन मिचेल आणि सहकाऱ्यांचा पेपर त्याच वर्षीचा. अडचण साधी होती. गेममध्ये दोन संघ आणि नऊ प्रकारची पात्रं. समोर कुणी आलं की खेळाडूला क्षणात कळायला हवं: आपला की परका? नऊपैकी कोण? हातात शस्त्र कुठलं? कळायला उशीर झाला की खेळ खल्लास.

उत्तरासाठी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन चित्रकारांकडे वळले, विशेषतः जे. सी. लेयेंडेकर यांच्याकडे. मासिकांची मुखपृष्ठं रंगवणारा हा माणूस. मुखपृष्ठ ओझरत्या नजरेतही ओळखू यावं लागतं, म्हणजे अडचण जवळपास तीच! त्यांच्या चित्रांतून टीमने नियम वेचले. सावली काळी न करता थंड रंगाकडे न्यायची. उजेड-सावलीच्या सीमेवर लालसर छटा द्यायची. आकृतीची कड काळ्या रेषेऐवजी उजेडाने उठवायची. बारीक तपशील गाळायचे.

आता गणित. पृष्ठभाग प्रकाशाकडे किती वळलाय, हे डॉट प्रॉडक्टने −१ ते १ मध्ये मोजतात. नेहमीच्या लॅम्बर्ट पद्धतीत शून्याखालचं सगळं शून्य धरतात, त्यामुळे पाठमोऱ्या बाजूचा उठाव हरवतो. इथे त्या आकड्याला ०.५ ने गुणून ०.५ मिळवले, की तो ० ते १ मध्ये येतो. मग त्या आकड्यानुसार एका तयार रंगपट्टीतून छटा उचलायची. चित्रकाराचा लालसर-थंड नियम त्या पट्टीतच बसवलेला असतो.

बाकीची कामंही वाटून दिलेली आहेत. संघ कळतो रंगावरून, पात्र कळतं बाह्याकृतीवरून. शस्त्राकडे नजर जावी म्हणून पायांकडे गडद आणि छातीपाशी उजळ रंगवलंय, कारण शस्त्र तिथेच धरलेलं असतं.

तुमच्या प्रपोजलसाठी यातून तीन प्रश्न घ्या. चित्रकलेतला नेमका नियम कोणता? तो संगणकात कुठल्या पायरीवर बसतो? त्याने खेळणाऱ्याला काय फरक पडतो? तिसऱ्या प्रश्नावर प्रयोग करता येतो. उदाहरणार्थ, कडेचा उजेड ठेवून आणि काढून, पात्र ओळखायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचं.

आता तुमचा मसुदा उघडा आणि 'चित्रकलेपासून प्रेरित' हे शब्द खोडून बघा. उरलेल्या वाक्यात नियम दिसत नसेल, तर गाइडकडे जाण्याआधी तेवढं काम करून घ्या.