प्रिंटर बिघडला नाही, पत्ता चुकला!



आमच्या जुन्या घराच्या भिंती चांगल्या हातभर जाड. ओसरीवरचे वाय-फाय माजघरात पोचेना, म्हणून मेश वाय-फाय बसवले. तीन डब्या, पण नाव एकच. मोबाईल घरभर चालू लागला. प्रिंटर मात्र मुका झाला.

नेमक्या त्याच दिवशी शेजारच्या काकू सातबारा छापून घ्यायला आल्या. पीककर्जाचे कागद सोसायटीत देण्याचा तो शेवटचा दिवस. सूनबाई म्हणाली, "बाबा, प्रिंटर बिघडला." मीही तो दुरुस्तीसाठी पिशवीत भरला. पाने पिवळी दिसताच फवारू नका, आधी मुळाशी पाहा, असे गावोगाव सांगणारा मी, घरात तेच विसरलो!

शेवटी यूएसबीची तार जोडून काकूंचे काम भागवले. मग संध्याकाळी मुळाशी पाहिले. तुम्हीही याच क्रमाने पाहा.

१) नाव व पासवर्ड : प्रिंटर जुन्या वाय-फायचे नाव धरून बसतो. आमच्याकडे हेच झाले होते. जुन्या राउटरचे वाय-फाय बंद करून मेशला जुनेच नाव व पासवर्ड द्यावा, अक्षर न अक्षर. नवे नावच ठेवायचे असेल तर ते प्रिंटरमध्ये पुन्हा भरावे.

२) लहरींचा पट्टा : वाय-फायचे मुख्य पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो. ५ चा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. पुष्कळ घरगुती प्रिंटरना २.४ चाच कळतो. मेशच्या अ‍ॅपमध्ये तो चालू आहे ना, ते पाहावे. सुरक्षेच्या खान्यात फक्त 'डब्ल्यूपीए ३' असेल तर जुना प्रिंटर जोडला जात नाही. तेथे 'डब्ल्यूपीए २' चालेल असे करावे.

३) एका घरात दोन कारभारी : जुना राउटर व मेश दोघेही पत्ते वाटू लागले, की घराच्या दोन वाटण्या होतात. मोबाईल एकीकडे, प्रिंटर दुसरीकडे. अशा वेळी मेश 'ब्रिज' किंवा 'अ‍ॅक्सेस पॉइंट' पद्धतीवर ठेवावा. पाहुण्यांच्या 'गेस्ट' वाय-फायवरूनही बहुधा प्रिंटर दिसत नाही.

४) जुना पत्ता : वाय-फायवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता मिळतो, त्याला आयपी म्हणतात. प्रिंटरचा पत्ता बदलला तरी संगणक कधी कधी जुन्याच पत्त्यावर कागद धाडत राहतो. संगणकातून प्रिंटर काढून पुन्हा जोडावा. मेशच्या अ‍ॅपमध्ये सोय असल्यास प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा.

बदल केल्यावर सगळे बंद करावे. आधी राउटर, मग मेशच्या डब्या, मग प्रिंटर व शेवटी संगणक, अशा क्रमाने चालू करावे. डब्यांचे दिवे स्थिर होईपर्यंत धीर धरावा.

वाय-फायचे नाव व पासवर्ड बियाण्या-खतांच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. आणि यूएसबीची तार फेकू नका. कागद देण्याचा शेवटचा दिवस वाय-फायसाठी थांबत नाही!