शाश्वततेचा व्यवसाय आणि विद्यार्थ्याची आकांक्षा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

‘शाश्वत विकासाच्या क्षेत्रात काम करावयाचे आहे’ अशी इच्छा पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांकडून अलीकडे वारंवार ऐकावयास मिळते. ही आकांक्षा स्वागतार्ह आहे, यात संशय नाही. परंतु वैद्यकी, वकिली किंवा अध्यापन या व्यवसायांप्रमाणे या व्यवसायाची वाट अद्याप आखली गेलेली नाही. त्यामुळे या क्षेत्रात जाण्यासाठी नेमके काय शिकावयाचे आणि आपली वाढ होत आहे हे कशावरून ओळखावयाचे, असे दोन प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभे राहतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार यवतमाळ जिल्ह्यापुरता करावयाचा आहे. सोळा तालुक्यांचा, १३,५८२ चौरस किलोमीटर क्षेत्राचा व २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ लोकवस्तीचा हा जिल्हा या विषयाच्या अभ्यासाला पुरेसा विस्तृत आणि पुरेसा बिकट आहे.

संज्ञेचा अर्थ

प्रथम संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘शाश्वत’ या शब्दाचा मूळ अर्थ नित्य, चिरंतन असा होय. हे विशेषण विकासाला लावल्याने, कधीही न बदलणाऱ्या एखाद्या आदर्श अवस्थेविषयी आपण बोलत आहोत, असा ग्रह होण्याचा संभव असतो. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने जी व्याख्या रूढ केली तिचा आशय याहून वेगळा आहे. पुढील पिढ्यांना आपल्या गरजा भागविता याव्यात, त्या क्षमतेला बाध न आणता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, असा तो आशय होय. या दृष्टीने ‘धारणक्षम’ हा पर्यायी शब्द अधिक अन्वर्थक आहे. आपल्या नित्याच्या भाषेत तर याहूनही साधे क्रियापद उपलब्ध आहे. बैलाला ओझे पेलते किंवा पेलत नाही, जमिनीला पीक पेलवते किंवा पेलवत नाही, असे शेतकरी म्हणतो. या ‘पेलण्या’त दोन गोष्टी अंतर्भूत आहेत : भार किती, आणि तो किती काळ. पुढील सर्व विवेचन या दोन गोष्टींभोवती आहे.

तीन पिढ्या, तीन उत्तरे

यवतमाळ जिल्ह्यातील आजचा विद्यार्थी कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक यांनी नागपुरात शिक्षण घेऊन पुसदला वकिली केली, आणि १९६३ ते १९७५ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. अन्नधान्याच्या टंचाईने ग्रासलेल्या त्या काळात उत्पादनवाढ हाच मुख्य प्रश्न होता. संकरित बियाणे, खते आणि सिंचन यांचा प्रसार हे त्याचे उत्तर होते, आणि त्या परिस्थितीत ते योग्यच होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री असताना १९९२ मध्ये स्वतंत्र जलसंधारण खाते स्थापन झाले. पाणी साठविल्याखेरीज उत्पादनवाढ टिकत नाही, ही जाणीव या घटनेमागे होती. पुढे या जिल्ह्यातीलच सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेतीत खर्च वाढत जातो आणि उत्पन्न घटत जाते असा अनुभव घेतल्यानंतर रासायनिक निविष्ठा सोडल्या. बांधबंदिस्ती, वृक्ष, पक्षी व गोधन यांना शेतीची अंगे मानून त्यांनी नैसर्गिक शेतीची पद्धती सिद्ध केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या तीन उदाहरणांत श्रेष्ठकनिष्ठभाव पाहण्याचे कारण नाही. एका पिढीचे उत्तर कालांतराने दुसऱ्या पिढीचा प्रश्न होते, एवढाच येथे अभिप्रेत बोध आहे. संकरित बियाण्याची उपयुक्तता एका हंगामात दिसली. मातीवर व विहिरींवर पडणारा भार मात्र अनेक हंगामांनंतर ध्यानात आला.

सदिच्छेकडून मापनाकडे

विद्यार्थ्याची आकांक्षा बहुधा सदिच्छेतून जन्म पावते. वृक्षारोपण, स्वच्छता, प्लास्टिकबंदी यांसारख्या उपक्रमांतून तिला पहिले खतपाणी मिळते. हा आरंभ चांगला असला, तरी सदिच्छेचे ज्ञानात रूपांतर मापनाखेरीज होत नाही. याची दोन उदाहरणे जिल्ह्यातूनच देता येतील.

पहिले उदाहरण कपाशीवरील फवारणीचे आहे. २००२ मध्ये देशात बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली, तेव्हा फवारण्या कमी होतील अशी अपेक्षा होती. गुलाबी बोंडअळीने पुढे त्या वाणाला दाद देईनासे केले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. या दुर्घटनेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला एकाच शास्त्रावर विसंबून चालत नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांमुळे रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराचे कार्य मंदावते, हे त्याला जीवरसायनशास्त्र शिकविते. कीड प्रतिकारक्षम का होते, हे कीटकशास्त्र सांगते. दमट उकाड्यात मजूर संरक्षक पोशाख का टाळतो, कोणते औषध कोणत्या औषधात मिसळावयाचे हा सल्ला तो विक्रेत्याकडूनच का घेतो, आणि मजुरी बुडण्याच्या भीतीने उलट्या होत असतानाही तो फवारणी का थांबवीत नाही, यांची उत्तरे मात्र अर्थशास्त्रात व समाजशास्त्रात शोधावी लागतात. येथे भार पिकाने किंवा जमिनीने पेलला नाही. तो ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्या शरीराने पेलला. भार कोणावर पडतो हे विचारावयास शिकणे, ही या क्षेत्रातील विद्यार्थ्याच्या वाढीची पहिली खूण समजावी.

दुसरे उदाहरण वाघाचे आहे. राळेगाव व पांढरकवडा परिसरात १३ माणसांच्या मृत्यूशी जिचा संबंध जोडला गेला, ती टी-१ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री गोळी घालून मारण्यात आली. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात संदेशप्रक्षेपक पट्टा बसविण्यात आला. तो वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक भटकंती करीत वर्षअखेर बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. टिपेश्वरचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. वाघ वाढले तर त्यांनी जावे कोठे, आणि त्यांच्या वाटेवरील शेतात कापूस वेचणाऱ्या स्त्रीने काय करावे, हे दोन्ही प्रश्न एकाच नकाशावर मांडावे लागतात. वन्यजीवप्रेमी आणि ग्रामस्थ यांच्या परस्परविरोधी घोषणांपैकी एक निवडणे सोपे आहे. पट्ट्याने नोंदविलेला मार्ग, पिकांचा हंगाम आणि गुरे चारण्याच्या वेळा एकत्र ठेवून वाचणे कठीण आहे. परंतु व्यवसाय म्हणून जे करावयाचे आहे ते हेच होय.

व्यवसायाचे स्वरूप

आता उपजीविकेचा प्रश्न. घराण्यातील पहिलाच पदवीधर असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न गौण मानणे अन्यायाचे होईल. या क्षेत्रातील कामाचे स्थूलमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार कंपन्यांशी संबंधित आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरणीय व सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे अनिवार्य झाले. हे अहवाल तयार करणाऱ्यांची गरज आहे, वेतनही बरे आहे, परंतु ही कामे बहुतांशी महानगरांतील कार्यालयांत चालतात.

दुसरा प्रकार गावाशी संबंधित आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या असतात; २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना वनव्यवस्थापनाचे आराखडे हवे असतात. कोलाम व गोंड वस्त्यांच्या या जिल्ह्यात या कामाचे महत्त्व सांगावयास नको. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश होता. काम विपुल आहे. पण प्रकल्पाची मुदत संपली की अशा कामावरील नेमणूकही बहुधा संपते. जेथे काम आहे तेथे स्थैर्य नाही आणि जेथे स्थैर्य आहे तेथून जिल्हा दूर आहे, ही विद्यार्थ्यापुढील खरी अडचण होय. महानगराकडे जाणाऱ्याला दोष देऊन ती सुटत नाही. मात्र ज्याने गावात मापन केले आहे, तो अहवालातील आकडा कोठून आला हे विचारू शकतो. म्हणून वाट कोणतीही असो, शिक्षणाचा पाया गावातच घातला जावा.

काळाची अडचण आणि विभागाचे कर्तव्य

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम आखला, आणि २००३-०४ च्या सुमारास तो लागू झाला. त्याच्या शेवटच्या घटकात पाच तासिकांइतके क्षेत्रकार्य सांगितले होते. हेतू उत्तम आहे. परंतु पाच तासिकांत पाहिलेली विहीर ही एका दिवसाची विहीर असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याजवळ दोन वर्षे असतात, आणि तीही अपुरीच पडतात. शाश्वततेविषयीचे प्रत्येक विधान हे मूलतः काळासंबंधीचे विधान असते, आणि तो काळ कोणाही एका विद्यार्थ्याच्या शिक्षणकाळाहून मोठा असतो. ही अडचण व्यक्ती दूर करू शकत नाही. संस्था करू शकते.

म्हणून पुढील योजना विचारार्थ मांडावीशी वाटते. प्रत्येक विभागाने एक गाव निवडावे आणि त्या गावाची नोंदवही ठेवावी. त्याच वीस विहिरींची पाणीपातळी दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस व पावसाळा संपल्यानंतर मोजावी. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड आढळते. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, दातांवर व हाडांवर त्याची खूण उमटण्यास वर्षे लागतात; म्हणून त्या भागात त्याचीही नोंद व्हावी. पीक, फवारण्यांची संख्या, मजुरीचा दर आणि कर्जाचे उगमस्थान यांचे रकाने असावेत. प्रत्येक वर्षीच्या विद्यार्थ्याने आधीच्याचे हस्ताक्षर वाचून पुढील पान लिहावे, आणि नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी.

या योजनेला एक आक्षेप येईल, आणि तो सामान्य नाही. प्रबंधिकेत नावीन्य असावे असा आपला दंडक आहे. जुन्याच विहिरी पुन्हा मोजणाऱ्याने नवीन काय केले, असे परीक्षक विचारतील. त्याला उत्तर असे की, दहाव्या वर्षीचे मापन आधीच्या नऊ मापनांना अर्थ देते, आणि हा अर्थ पूर्वी कोणालाही उपलब्ध नव्हता. विद्यार्थ्याच्या दृष्टीनेही यात मोठे शिक्षण आहे. आपले काम दीर्घ मालिकेतील एक ओळ आहे हे मान्य करून ती ओळ अचूक लिहिणे, ही या व्यवसायाला आवश्यक अशी मनोवृत्ती होय. ती व्याख्यानांनी येत नाही. अशा प्रबंधिकेला मान्यता द्यावयाची की नाही, हा निर्णय अभ्यासमंडळांच्या हाती आहे, आणि विद्यार्थ्यांच्या आकांक्षेचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी त्या निर्णयावर अवलंबून आहे.