उत्तेजक गोळीने मूल शांत का होतं?

१९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना आपल्या रुग्णालयातल्या मुलांच्या डोकेदुखीवर उपाय हवा होता. मेंदूच्या तपासणीसाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढला, की मुलांचं डोकं असह्य दुखायचं. त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखीला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण तीसपैकी चौदा मुलांचा अभ्यास थक्क व्हावं इतका सुधारला. मुलं त्या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणू लागली.

मोठ्यांची झोप उडवणारं औषध चंचल मुलांना शांत करतं, म्हणजे त्यांचा मेंदूच उलटा चालत असणार, असं पुढे कित्येक वर्षं मानलं गेलं. १९७८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी कसलाही त्रास नसलेल्या मुलांना बेंझेड्रिनच्याच जातीच्या अँफेटामिनचा एक डोस दिला. तीही शांत झाली, त्यांचंही लक्ष वाढलं. म्हणजे मेंदू उलटा चालत नव्हता; मग हे घडतं कसं?

कपाळामागचा मेंदूचा भाग मनातल्या ऊर्मी आवरतो, हातातलं काम धरून ठेवतो. त्यासाठी त्याला डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं बेताची लागतात. पेशी ती सोडतात आणि लगेच परत शोषून घेतात. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलपणा आवरत नाही अशा अवस्थेसाठी, दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे शोषणंच अडवतं. रसायनं जास्त वेळ टिकतात आणि आवर घालणारा भाग जागा होतो. मूल गुंगीने शांत होत नाही, घडतं ते नेमकं त्याच्या उलट! डोस जास्त झाला तर मात्र हाच भाग मंदावतो आणि मूल गप्प, हरवल्यासारखं दिसतं. अशा शांततेवर पालकांनी समाधान मानू नये. डॉक्टरांना लगेच सांगावं.

मेंदूत खोलवर चित्र थोडं वेगळं आहे. १९९८ मध्ये चंदन वैद्य आणि सहकाऱ्यांनी मोजक्या मुलांचं, मेंदूतली हालचाल दाखवणारं एफएमआरआय केलं. औषधानंतर स्ट्रायटम या भागातली हालचाल एडीएचडी असलेल्या मुलांत वाढली, इतरांत घटली. एका चाचणीत स्वतःला आवरणं मात्र दोन्ही गटांना सोपं गेलं.

‘गोळीने फरक पडला, म्हणजे आजार होताच’ हा तर्क म्हणूनच टिकत नाही. निदान आधी व्हावं लागतं: बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, घरी आणि शाळेतही दिसणारी, किमान सहा महिने टिकलेली लक्षणं पाहून. मग डोस थोड्यापासून वाढवत नेतात आणि भूक, झोप, उंची, वजन, रक्तदाब दर भेटीत तपासतात.