उंटावरून शेळ्या हाकून साथ सापडत नाही

आपल्या मराठी भाषेने उंटाला फारसा मान दिलेला नाही. शहाणा असला तर तो उंटावरचा, शेळ्या हाकायच्या त्याही उंटावरून, आणि बुद्धिबळाच्या पटावर उंट चालणार तो तिरका. सातारा-सांगलीकडच्या माणसाला उंट दिसतो तो जत्रेत, पोरांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारताना. आपल्या धनगरांच्या वाड्याबरोबर मेंढरे असतात, घोडी असतात, पण उंट नसतो. त्यामुळे भूगोलाच्या तासाला सरांनी अरबस्तानाचे वाळवंट शिकवताना "उंटापासून माणसाला होणारा एक श्वसनाचा आजार आहे, त्याचे नाव मर्स" असे सांगितले, तेव्हा वर्ग हसला. हसणाऱ्यांत मीही होते. मात्र घरी जाताना एस. टी.त एक गोष्ट ध्यानात आली आणि हसू मावळले. आमच्या सांगली जिल्ह्यात कोरोना पहिल्यांदा आला तो सौदी अरेबियाहूनच आला होता.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाचा माझा अभ्यास दहावीपर्यंतचाच. तेव्हा प्रस्तुत लेखात चुकले-माकले असेल तर प्राध्यापकांनी कान धरावा. पण साथीचा माग काढण्याचे काम प्रयोगशाळेत जितके चालते त्याहून अधिक दारोदार चालते, आणि ते मी घरातच पाहिले आहे. माझी आई आशा सेविका आहे. शिक्षण दहावी. २०२० साली मी आठवीत होते आणि माझे अक्षर बरे म्हणून तिची वही मी लिहीत असे.

प्रथम उंटाची हकीकत. जून २०१२ मध्ये जेद्दा शहरातील एका रुग्णालयात साठ वर्षांचा एक गृहस्थ न्यूमोनियाने व मूत्रपिंडे निकामी होऊन दगावला. तेथील इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ डॉ. अली मोहम्मद झाकी यांना त्याच्या थुंकीत ओळखीचा एकही विषाणू सापडेना. त्यांनी नमुना नेदरलँड्समधील रॉटरडॅमला पाठविला आणि कोरोना कुळातील एक नवाच विषाणू उजेडात आला. मग शोध मागे सरकू लागला. जॉर्डनमधील झरका गावच्या रुग्णालयात एप्रिल २०१२ मध्ये परिचारिका वगैरे मंडळी एकदम आजारी पडली होती. त्यांचे जपून ठेवलेले नमुने तपासले तेव्हा तोच विषाणू निघाला. म्हणजे 'पहिला रुग्ण' पहिला नव्हताच. माग काढणाऱ्याला हा अनुभव वारंवार येतो म्हणतात. आपल्याला सापडलेला पहिला आणि खरा पहिला यांत बरेच अंतर असते.

माणसाला हा रोग कोठून लागला, हे कळायला आणखी काही काळ गेला. एका मदारीच्या उंटांची गोष्ट मला फार बोलकी वाटते. खरे तर मदारी नव्हे, मालक. सौदीमधील चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस २०१३ च्या नोव्हेंबरात वारला. त्याच्याकडे नऊ उंट होते. त्यांतल्या चारांची नाके वाहत होती, आणि आजारी पडण्यापूर्वी आठवडाभर आधी त्याने एका उंटाच्या नाकात औषध लावले होते. त्याच्या अंगातला विषाणू आणि त्या उंटाच्या नाकातला विषाणू अक्षर न् अक्षर ताडून पाहिले, तर ते जुळले. आपण म्हशीच्या, रेड्याच्या जखमेला हळद लावतो, तेल लावतो. तसलाच हा मायेचा हात. उंटाला मात्र या विषाणूने साध्या सर्दीपलीकडे काही होत नाही. पूर्व आफ्रिकेतील उंटांचे १९८३ सालचे रक्त गोठवून ठेवलेले होते, त्यातही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. तीसेक वर्षे तरी हा आजार उंटांत नांदत होता आणि माणसाला पत्ता नव्हता.

आजवर जगात सुमारे २६०० जणांना मर्स झाल्याची नोंद आहे आणि त्यांतले नऊशेहून अधिक दगावले. बहुतेक रुग्ण सौदीतले. भारतात एकही नाही. तरीही आखाताहून येणाऱ्या आणि ताप-खोकला असलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. आजारी पडण्याआधीच्या चौदा दिवसांत उंटाजवळ गेला होता का? उंटिणीचे कच्चे दूध प्यालात का? दवाखान्यात कोणाला भेटायला गेला होता का? चौदा दिवस यासाठी की अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत हा विषाणू दोन ते चौदा दिवस घेतो.

तिसरा प्रश्न वरवर साधा, पण सर्वांत महत्त्वाचा तोच. मर्स गल्लीबोळांत फारसा पसरत नाही, तो रुग्णालयात पसरतो. २०१५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियाचा एक गृहस्थ आखातातून परतला. ताप आला, तो एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडला, आणि निदान व्हायला नऊ दिवस लागले. तेवढ्या अवधीत साखळी सुरू झाली. अखेर १८६ जण आजारी पडले, ३८ मेले, सोळा हजारांहून अधिक लोकांना विलग राहावे लागले. त्यांतल्या एका रुग्णापासून मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ऐंशीहून अधिक जणांना लागण झाली. तेथील सरकारने रुग्णालयांची नावे सुरुवातीस लपवून ठेवली होती. नाव कळले तर लोक घाबरतील, ही भीती. नाव न कळल्याने लोक नेमके त्याच दारात जात राहिले. जूनमध्ये नावे जाहीर करावी लागली.

नाव सांगावे की झाकावे, हा प्रश्न आमच्या घरी २०२० साली आला.

२३ मार्च २०२० रोजी वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथे (२०२५ मध्ये राज्य सरकारने ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याचे जाहीर केले तेच हे शहर) उमराह यात्रेहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले होते. महिनाअखेर आकडा पंचविसाच्या घरात पोहोचला. जवळजवळ सारे नात्यातले, शेजारातले. रुग्णांवर मिरजेत उपचार झाले, परिसर बंद केला गेला, कोण कोणाला भेटले याच्या याद्या निघाल्या आणि साखळी तेथेच तुटली. एप्रिलमध्ये त्यांतले बहुतेक सारे बरे होऊन घरी आले. याद्यांमुळे हे झाले हे मी आज समजू शकते. त्या वेळी आमच्या गावात मात्र त्या कुटुंबाची नावे विषाणूच्या आधी येऊन पोहोचली होती. मोबाईलवर फोटो फिरत होते. त्या माणसांच्या धर्मावरून जे बोलले गेले ते मी येथे लिहिणार नाही. विषाणूला ना धर्म ठाऊक, ना आडनाव. त्याला ठाऊक असते ते फक्त अंतर, एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंतचे.

आईच्या वाट्याला गावातली हजारभर वस्ती. सकाळी निघायचे, तोंडाला ओढणी, हातात वही. नाव, वय, कोठून आला, कोणत्या तारखेला, ताप कधीपासून. यातले 'कधीपासून' हे घर रिकामे राहिले तर बाकीची वही फुकट. लक्षणांची तारीख कळली तरच मागचे चौदा दिवस आणि पुढचे चौदा दिवस मोजता येतात. एकाखाली एक तारखा मांडल्या की कोणी कोणाला दिले ते दिसू लागते.

आणि आमच्या भागातले लोक किती ठिकाणांहून आले! विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर विखुरलेले. साताऱ्याकडचे माथाडी कामगार नवी मुंबईत. टाळेबंदीत सगळ्यांना गाव आठवले. कोणी दुधाच्या गाडीतून, कोणी चालत. रात्री येत आणि सकाळी सांगत, "आम्ही कुठं गेलोच नाही."

आमच्या गल्लीतल्या एक काकू. त्यांचा मुलगा असाच पहाटे आला. त्या मागच्या दाराने आईकडे आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, एवढं नाव लिहू नका. पोराचं लग्न ठरलंय." आई काही बोलली नाही. वही माझ्यापुढे उघडी होती. आईने माझ्याकडे पाहिले आणि मी नाव लिहिले. त्याला शाळेत ठेवले, आठव्या दिवशी ताप आला, आणि तो बरा झाला. घरात म्हातारा दम्याचा रुग्ण होता, त्याला काही झाले नाही. लग्न मात्र मोडले. काकू आजही आमच्या ओट्यासमोरून मान वळवून जातात. आपण चुकलो असे मला वाटत नाही, पण त्या जातात तेव्हा मी आत जाते.

दुसऱ्या एका घरी मात्र आईला खोटे सांगितले गेले आणि पुढे तेथे दोघे आजारी निघाले. तेव्हा वरच्या एका साहेबांनी तिला विचारले, "तुमच्या वहीत ही नावे का नाहीत?" शेळ्या उंटावरून कशा हाकतात ते मी त्या दिवशी पाहिले.

माग काढण्याचे हे शास्त्र आपल्याला अगदीच नवे नाही. आजी सांगते, तिच्या सासूच्या तोंडी प्लेगच्या गोष्टी असत. घरात उंदीर मरून पडला की कोणाच्या हुकमाची वाट न पाहता गाव माळावर झोपड्यांत जाई. उंदीर आधी, माणूस नंतर, हा क्रम लोकांनी डोळ्यांनी टिपला होता. त्याच प्लेगने १८९७ साली रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे माहेर नायगाव, आपल्याच सातारा जिल्ह्यातले. त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला आणि सव्वाशे वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने तोच बाहेर काढला.

आता उंदीर पडण्याची वाट न पाहता प्राण्यांतच आधी शोध घेतात. पुण्याच्या त्याच संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळे तपासली आणि त्यांच्यात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. माणसात तेथे काहीच नव्हते. तरी स्ट्रॉबेरी खावी की नाही, असे मला एका मैत्रिणीने विचारले होते!

रोजच्या नोंदीची व्यवस्था २००४ पासून देशभर आहे. गावातले आरोग्य कर्मचारी संशयितांची, डॉक्टर निदानाची आणि प्रयोगशाळा तपासणीची माहिती देतात. पूर्वी दर आठवड्याला कागद जात, आता संगणकावर भरतात. एखाद्या गावात नेहमी तापाचे दोन-तीन असतात आणि अचानक वीस झाले, तर तो आकडाच हाक मारतो. मात्र त्या आकड्याच्या मुळाशी कोणीतरी दार वाजवलेले असावे लागते.

गेल्या महिन्यात आमच्या गावातून दोघेजण उमराहला जाऊन आले आणि एक मुलगा दुबईहून सुटीवर आला. आई तिघांकडेही गेली. मी तिला उंटाचा प्रश्न शिकवून ठेवला होता. दुबईच्या मुलाला तिने तो विचारला तेव्हा तो खळखळून हसला आणि म्हणाला, "मावशी, मी लिफ्ट दुरुस्त करतो." आईने तेही लिहून घेतले, तारखेसकट.